लिग्नोकेनची जनुकीय सुरक्षा : स्लाइड नंतर, आधी उंदीर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातल्या एका फार्मसी कॉलेजात एम. फार्म. करणाऱ्या मुलीने तोंडातल्या व्रणांसाठी लिग्नोकेनचं (म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचं) नॅनोजेल बनवलंय. गाइड म्हणाले, "उंदरांवर जेनेटिक सेफ्टी करून टाक, पेपरला वजन येईल." प्राणी नैतिकता समितीच्या बैठकीत एका सदस्याने तीन गोष्टी विचारल्या: ही चाचणी कशाला, डोस कुठून आणला आणि उंदीर किती? तिला एकाचंही धड उत्तर देता आलं नाही. शिवाय तिच्या मावशी मूळव्याधीवर लिग्नोकेनचं मलम लावतात. त्यातून कॅन्सर करणारं रसायन तयार होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. तेही तिने विचारलं आहे.

पंचवीसएक वर्षं मी परळच्या आसपासच्या प्रयोगशाळांमध्ये हेच काम केलं. उंदरांच्या मांडीच्या हाडातली मज्जा काढायची, काचेवर पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे. त्यामुळे उत्तर लांबेल.

समितीतल्या त्या सदस्याचा पहिला प्रश्न रास्त आहे, आणि 'या चाचणीची गरजच नाही' हेही त्याचं प्रामाणिक उत्तर असू शकतं. लिग्नोकेन १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी बनवलं, १९४८ मध्ये ते बाजारात आलं. आमच्या चाचण्या रुळल्या १९७० च्या दशकात. म्हणजे हे औषध आधी लोकांच्या दाढांत गेलं आणि मग पेट्री डिशमध्ये. पण पुढे ते सगळीकडून तपासलं गेलं. जिवाणूंवरची एम्स चाचणी, माणसाच्या लिम्फोसाइट पेशींमधल्या गुणसूत्रांची चाचणी, उंदरांमधली मायक्रोन्यूक्लियस चाचणी (तुटलेल्या गुणसूत्राचा पेशीत उरलेला ठिपका, म्हणजे मायक्रोन्यूक्लियस, मोजणारी), या तिन्हींत निकाल निगेटिव्ह, म्हणजे जनुकीय इजा दिसली नाही. औषधाच्या माहितीपत्रकात ते छापलेलं असतं. तेच पुन्हा सिद्ध करायला पंचवीस उंदीर मारायचे असतील, तर समितीने फॉर्म बी (प्राणी वापरण्याच्या परवानगीचा अर्ज) परत पाठवावा असंच मी म्हणेन. मी स्वतः समितीवर असताना पाठवलेही आहेत.

तुमच्या जेलमध्ये नवं आहे ते लिग्नोकेन नाही. नवा आहे तो त्याला धरून ठेवणारा नॅनोकण. प्रश्न त्याच्याबद्दल विचारा. इथे एम्स चाचणी फारशी उपयोगाची नाही, कारण असे कण जिवाणूच्या भिंतीतून आत जातातच असं नाही, आणि कण आतच गेला नाही तर निगेटिव्ह निकालाला अर्थ काय? सस्तन प्राण्यांच्या पेशींवर मायक्रोन्यूक्लियस चाचणी करा. त्यात सायटोकॅलेसिन-बी (पेशीचं दोन भागांत वेगळं होणं रोखणारं रसायन) वापरणार असाल तर ते कणांसोबत एकदम घालू नका. त्याने पेशीचं कण गिळणंच मंदावतं. आधी कण, काही तासांनी सायटोकॅलेसिन. इथे काही संशयास्पद दिसलं, तरच प्राण्यांचा विचार करा. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर पेशींवर आधारित पद्धतींना आपल्याकडे अधिकृत जागा मिळाली आहे, त्यामुळे 'उंदीर हवेतच' हे गाइडचं म्हणणं आता तेवढं पक्कं राहिलेलं नाही.

तरीही समजा, उंदरांवर करायचं ठरलं. मग पुढचं सगळं वाचा, कारण भूल देणाऱ्या औषधांची जनुकीय चाचणी इतर औषधांसारखी नसते.

पहिली अडचण म्हणजे चाचणी नक्की कोणत्या रेणूची करायची. लिग्नोकेन यकृतात गेलं की आधी त्याच्या नायट्रोजनवरचा एक इथाइल गट निघतो, पुढे अमाइडचा बंध तुटतो आणि २,६-झायलिडिन सुटं होतं. मावशींनी वाचलेलं रसायन ते हेच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने ते रॅटना (मोठ्या जातीच्या उंदरांना; मी नुसतं 'उंदीर' म्हणते तो छोटा माउस) दोन वर्षं खाद्यातून दिलं, दहा लाख भागांत ३००, १००० आणि ३००० भाग अशा प्रमाणात. सर्वांत वरच्या डोसला नाकाच्या पोकळीत कर्करोगाच्या गाठी आल्या. अहवाल १९९० चा आहे. त्यानंतर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने झायलिडिनला '२बी' गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करण्याची शक्यता असलेलं. जनुकीय चाचण्यांत त्याचं चित्र गढूळ आहे. यकृताचा अर्क घातला तर एम्समध्ये किंचित पॉझिटिव्ह. उंदराच्या लिम्फोमा पेशींत पॉझिटिव्ह. गुणसूत्रं तुटलेली दिसली ती औषध द्रावणातून खाली बसायला लागेल इतक्या प्रमाणाला. उंदरांच्या मज्जेत निगेटिव्ह. पण रॅटच्या यकृतातल्या आणि नाकाच्या आतल्या भागातल्या डीएनएला ते चिकटलेलं मात्र सापडलं.

भूलीच्या औषधांच्या याच कुटुंबातलं प्रिलोकेन घ्या. त्यातून ऑर्थो-टोलुइडिन निघतं, आणि ते तर पहिल्या गटात आहे, माणसात कर्करोग करणारं म्हणून सिद्ध. बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन, मेपिव्हाकेन यांच्या सांगाड्यातही झायलिडिनच दडलेलं आहे, फक्त ते किती सुटतं यात फरक. आर्टिकेनमध्ये बेंझिनच्या जागी थायोफिनचं कडं असल्यामुळे त्यातून झायलिडिन निघूच शकत नाही.

म्हणून 'लिग्नोकेन निगेटिव्ह आढळले' एवढंच लिहून थांबलेल्या प्रबंधाला मी तोंडी परीक्षेत हटकून विचारते: तुमच्या उंदराने झायलिडिन बनवलं का? किती? उत्तर सहसा येत नाही. रॅटचं यकृत लिग्नोकेनच्या कड्यावर तिसऱ्या जागी हायड्रॉक्सिल बसवून बरंचसं औषध तसंच बाहेर काढतं. माणसाच्या लघवीत मात्र सर्वांत जास्त सापडतं ते ४-हायड्रॉक्सी-झायलिडिन, म्हणजे आपल्यात अमाइडचा बंध जास्त तुटतो. एकच औषध, दोन यकृतं, दोन वाटा. देण्याचा मार्गही महत्त्वाचा. तोंडावाटे नळीने दिलं तर ते आधी यकृतातून जातं, झायलिडिन जास्त बनतं. शिरेतून दिलं तर मूळ औषध एकदम रक्तात चढतं. कोणता मार्ग का निवडला, हे समितीला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

आता डोस. खरी गोम इथे आहे.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४७४ क्रमांकाची मार्गदर्शिका सांगते की औषध फारसं विषारी नसेल तर किलोला २००० मिलिग्रॅमपर्यंत जा. लिग्नोकेनच्या बाबतीत तिथवर पोचण्याआधीच उंदीर मेलेला असतो. तोंडावाटे दिल्यावर अर्धे प्राणी मरतील असा डोस पोट भरलेल्या मादी रॅटमध्ये किलोला ४५९ मिलिग्रॅम आहे आणि उपाशी मादीमध्ये २१४. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. रात्री कोणी खाद्य काढलं की नाही, एवढ्यावर निम्म्याहून जास्त फरक. पोटात सुई दिली तर मर्यादा आणखी खाली येते.

आणि प्राणी मरतो तो मज्जा बिघडून नाही, मेंदूमुळे. आधी कान फडफडतात, मग तोल जातो, मग झटके. बुपिव्हाकेन असेल तर हृदय. म्हणजे सायक्लोफॉस्फमाइडसारख्या कर्करोगावरच्या औषधात वरचा डोस मज्जा ठरवते, आणि इथे तो मज्जातंतू ठरवतात. (आपल्या भाषेत दोन्हींना 'मज्जा'च म्हणतात, त्यामुळे विद्यार्थी गोंधळतात.) झटक्यांमुळे डोस अडला की पुढचा प्रश्न उरतोच: इतक्या डोसला हाडातल्या मज्जेपर्यंत पुरेसं औषध गेलं का? नेहमी आम्ही कोवळ्या लाल पेशींचं प्रमाण घटलं का ते बघतो. घटलं तर औषध पोचलं. लिग्नोकेनमध्ये हे प्रमाण बहुधा हलणारच नाही. मग पुरावा रक्ताचा द्यावा लागतो. डोसनंतर पंधरा मिनिटं, अर्धा तास आणि एक तासाने थेंबभर रक्त घ्या आणि त्यात लिग्नोकेन व झायलिडिन दोन्ही मोजा. माणसात लिग्नोकेनचं अर्धायुष्य दीड ते दोन तास असतं, उंदरात त्याहून बरंच कमी. संध्याकाळी सावकाश रक्त काढायला गेलात तर हाती काही लागणार नाही. हा आकडा नसेल तर तुमचा निगेटिव्ह निकाल म्हणजे बंद दारावर टकटक करून 'घरात कोणी नाही' म्हणण्यासारखं झालं.

उलट बाजूही आहे, आणि ती कमी लोकांना ठाऊक असते. उंदीर थंड पडला तरी मायक्रोन्यूक्लियस वाढू शकतात. क्लोरप्रोमाझिन आणि रेसर्पिन या शामक औषधांच्या बाबतीत हे घडलेलं आहे. शरीराचं तापमान उतरल्यावर पेशींचं विभाजन चुकतं आणि ठिपके वाढतात. औषध डीएनएला हातही लावत नाही. भूलीच्या औषधाच्या मोठ्या डोसखाली मलूल पडलेला वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव एसीत तासभर पडून राहिला तर काय होणार? आमच्याकडे प्राणिगृह सांभाळणारे मामा होते, शिक्षण सातवी. एकदा डोस दिल्यावर मी वहीत 'हालचाल मंद' असं लिहून पुढच्या पिंजऱ्याकडे वळले. मामा म्हणाले, "मॅडम, हात लावून बघा, गार पडलेत." खरंच गार होते. त्या दिवशी वरचा डोस रद्द केला. तेव्हापासून प्रत्येक डोसनंतर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या तासाला तापमान लिहायची पद्धत ठेवली. तुम्हीही ठेवा. थर्मामीटर फार महाग नसतो.

प्रिलोकेन आणि बेंझोकेनमध्ये वेगळा सापळा आहे. त्यांच्यामुळे रक्तात मेथहिमोग्लोबिन (ऑक्सिजन वाहून नेऊ न शकणारं हिमोग्लोबिन) वाढतं, लाल पेशी लवकर तुटतात, मज्जा घाईघाईने नव्या बनवायला लागते आणि त्या घाईत मायक्रोन्यूक्लियस थोडे वाढलेले दिसतात. उंदराकडे मेथहिमोग्लोबिन परत नीट करणारं विकर आपल्यापेक्षा तगडं असतं, म्हणून हे माणसाइतकं ठळक दिसत नाही. तरी रक्त तपासूनच निकाल लावा.

प्रत्यक्ष मोजणीबद्दल. लाल पेशी तयार होताना शेवटच्या विभाजनानंतर काही तासांत आपलं केंद्रक बाहेर टाकते. गुणसूत्राचा तुटका तुकडा असेल तर तो मात्र आतच राहतो, भाडेकरू खोली सोडून गेला तरी माळ्यावर त्याची ट्रंक राहावी तसा. तीच ट्रंक आपण शोधायची. गिम्सा रंगात कोवळ्या पेशी निळसर करड्या दिसतात, जुन्या गुलाबी. निरोगी उंदरात हजार कोवळ्या पेशींमागे एक ते तीन मायक्रोन्यूक्लियस सापडतात. म्हणजे दोन हजार पेशी मोजून हाती चारपाच ठिपके. एवढ्यावर कसलं संख्याशास्त्र करणार? म्हणूनच २०१४ च्या सुधारित मार्गदर्शिकेने प्रत्येक प्राण्यामागे किमान ४००० कोवळ्या पेशी मोजायला सांगितल्या. अजूनही २००० वर थांबलेले प्रबंध माझ्याकडे येतात. स्लाइडवर गटाचं नाव नको, फक्त सांकेतिक क्रमांक, आणि तो दुसऱ्याने टाकलेला.

मुंबईत पावसाळ्यात हे काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुलैमध्ये मिथेनॉलची बाटली उघडी राहिली की ते हवेतला ओलावा ओढतं. अशा मिथेनॉलमध्ये स्थिर केलेल्या लाल पेशींत चमकदार गोल ठिपके उमटतात आणि नवख्या डोळ्याला ते हुबेहूब मायक्रोन्यूक्लियस वाटतात. फोकस वरखाली करा. ठिपका चमकत असेल तर तो पाण्याचा, सोडून द्या. शंका राहिली तर अ‍ॅक्रिडिन ऑरेंज लावा, त्यात डीएनए हिरवट पिवळा चमकतो आणि वाद मिटतो. स्लाइड सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर गणपतीपर्यंत त्यांच्यावर बुरशी चढते.

वेळही तितकीच काटेकोर. चोवीस तासांच्या अंतराने दोन डोस दिले तर मज्जा दुसऱ्या डोसनंतर १८ ते २४ तासांत काढायची. २००५ साली सोमवारी, २५ जुलैला, मी पहिला डोस दिला आणि २६ ला सकाळी दुसरा. त्या दुपारपासून जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल थांबल्या आणि मी दादरला एका ओळखीच्या घरी अडकले. मामा प्राणिगृहातच राहिले. दोन रात्री त्यांनी दाणापाणी चुकू दिलं नाही. पण मज्जा काढणारं तिथे कोणीच नव्हतं. मी पोचले तेव्हा वेळ उलटून गेली होती. तीस उंदीर वाया गेले. ते अजून टोचतं. तेव्हापासून जुलै आणि ऑगस्टमध्ये मी डोस ठेवलाच नाही, आणि प्रत्येक प्रयोगाला चालत येऊ शकेल असा एक माणूस राखीव ठेवला.

आणखी एक चूक, जी मी निदान चार कॉलेजांत पाहिली आहे. दुकानातून दंतवैद्यांची ३० मिलिलिटरची लिग्नोकेनची बाटली आणायची आणि तीच उंदरांना टोचायची. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. दोन टक्के लिग्नोकेनबरोबर ऐंशी हजारात एक या प्रमाणात अ‍ॅड्रिनलिन असतं, म्हणजे मिलिलिटरमागे १२.५ मायक्रोग्रॅम, शिवाय टिकवण्यासाठी घातलेली रसायनं. २५ ग्रॅमच्या उंदराला किलोमागे ५० मिलिग्रॅम लिग्नोकेन द्यायला बाटलीतलं ०.०६ मिलिलिटर पुरतं. पण त्याबरोबर किलोमागे ३० मायक्रोग्रॅमहून जास्त अ‍ॅड्रिनलिन जातं. ते रक्तवाहिन्या आवळतं, औषध सावकाश मुरतं, हृदयाचे ठोके बदलतात. मग तुम्ही नक्की कशाची चाचणी केली? शुद्ध लिग्नोकेन हायड्रोक्लोराइड घ्या, सलाइनमध्ये विरघळवा, आणि डोस क्षाराचा लिहिलाय की मूळ अल्कलीचा ते स्पष्ट करा. १ मिलिग्रॅम अल्कली म्हणजे १.१६ मिलिग्रॅम हायड्रोक्लोराइड.

कॉमेट चाचणीबद्दल (तिच्यात तुटलेल्या डीएनएची धूमकेतूसारखी शेपटी दिसते) गाइड विचारतीलच, कारण तिचे फोटो पेपरात छान दिसतात. पेशींवर लिग्नोकेन ओतून शेपट्या दाखवणारे लेख बरेच आहेत. ते वाचताना आधी तीव्रता बघा. बाटलीतलं दोन टक्के द्रावण म्हणजे सुमारे ७४ मिलिमोलर. औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय (आयसीएच) मार्गदर्शिकेप्रमाणे पेशींच्या चाचणीत कमाल मर्यादा १ मिलिमोलर. रुग्णाच्या रक्तात मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅमच्या वर विषबाधेची लक्षणं सुरू होतात, आणि ते होतात जेमतेम २१ मायक्रोमोलर, म्हणजे ०.०२१ मिलिमोलर. दहा-वीस मिलिमोलरला पेशी मरतात, आणि मरणाऱ्या पेशीचा डीएनए तुटतोच. प्राण्यांत कॉमेट करायचीच असेल तर मज्जेपेक्षा जेल जिथे लागतं ती तोंडातली त्वचा आणि यकृत घ्या. झायलिडिनचा प्रश्न असेल तर रॅटच्या नाकाचा आतला भाग. शेवटच्या डोसनंतर २ ते ६ तासांत ऊतक काढावं लागतं. डोस ०, २४ आणि ४५ व्या तासाला दिले आणि ४८ व्या तासाला सगळं काढलं, तर त्याच उंदरांत कॉमेट आणि मायक्रोन्यूक्लियस दोन्ही होतात, वेगळे प्राणी लागत नाहीत.

उंदीर किती, तर सलाइन, तीन डोस आणि पॉझिटिव्ह कंट्रोल (जनुकीय इजा नक्की करणारं औषध दिलेला गट) असे पाच गट, प्रत्येकी पाच, एकाच लिंगाचे. नर आणि मादीत विषारीपणाचा फरक नाही हे आधी छोट्या चाचणीत दाखवलंत तर पंचवीसवर भागतं. त्या छोट्या चाचणीचे सहाआठ आणि रक्तासाठीचे थोडे वेगळे धरा.

मावशींचं राहिलं. लिग्नोकेनमधून झायलिडिन बनतं हे खरं आहे, आणि लिग्नोकेन दिलेल्या रुग्णांच्या हिमोग्लोबिनला ते चिकटलेलं मोजलंही गेलं आहे. पण त्या रॅटनी ते दोन वर्षं रोज, जेवणातून खाल्लं होतं. डॉक्टरांनी सांगितलं तितकं, सांगितले तितके दिवस मलम लावायला त्यांनी घाबरू नये. महिनोन्‌महिने स्वतःच्या मनाने लावत असतील, तर मात्र मूळव्याधीचाच पुन्हा इलाज करून घ्यावा. त्यांच्या घरी दात येणारं नातवंड असेल तर एक विचारा: तेच मलम किंवा तोंडाला लावायचं लिग्नोकेन त्याच्या हिरड्यांना कोणी चोळत नाही ना? अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली याविरुद्ध इशारा दिला, कारण तान्ह्या मुलांना त्याने झटके आले होते. हिरड्यांना स्वच्छ ओला गार फडका चावायला द्या.